भोईरताई आणि फोटोंचं वजन

एखादं ऑनलाइन दुकान उघडायला वेळ घेऊ लागलं, पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं, की मला भोईरताईंचा आवाज ऐकू येतो : "बघ, गेली बाई." दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाईक खरोखर उतरून जाताना समोर दिसावं, इतक्या खात्रीने त्या हे म्हणायच्या. आता मी पुण्यात असते. माझ्या हाताखाली काही मुलं काम करतात. परवा त्यातल्या एकाला मी अगदी त्याच सुरात म्हणाले, "गेली बाई." तो बिचारा दाराकडे बघायला लागला. तेव्हाच ठरवलं, की ताईंबद्दल एकदा नीट लिहायचं.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, गाळ्यांच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर भारती भोईर यांचं ऑफिस होतं. खाली पत्रे कापायचं वर्कशॉप होतं, त्यामुळे आमचं सगळं बोलणं जरा वरच्या पट्टीतच चाले. आमचं काम मात्र सांगायला सोपं होतं. ऑनलाइन दुकानं संथ चालतात, कारण त्यांतले फोटो आणि व्हिडिओ फार जड असतात. ते हलके करायचे, आणि हलके झालेत हे बघणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

मी पाटणची. शाळा तिथेच, मराठीतून. पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिलीच. मुलाखतीला गेले तेव्हा रात्रभर पाठ केलेली इंग्रजी वाक्यं तोंडात तयार होती. ताईंनी काही विचारलंच नाही. खणातून काचेला तडा गेलेला एक स्वस्तातला फोन काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे दुकान उघड. एखादा कुर्ता बघ."

मी उघडलं. पान पांढरंफटक. चक्र फिरत राहिलं. ताई चहा पीत माझ्याकडे बघत होत्या.

"काय करतेस?"

"वाट बघतेय, मॅडम."

"का?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"आणि मी सांगितलं नसतं तर?"

"बंद केलं असतं. उगाच डेटा जातो."

त्यांनी कप खाली ठेवला. "ताई म्हण. सोमवारपासून ये."

ताई बुटक्या आणि भरल्या अंगाच्या होत्या. एक चष्मा कपाळावर, दुसरा गळ्यातल्या दोरीला, आणि तरी "माझा चष्मा कुणी बघितला का?" हा प्रश्न रोजचाच. चालताना चपला इतक्या वाजत, की त्या जिन्यात असतानाच रोहित गाणी बंद करायचा. रोहित आमच्यातला सर्वांत जुना इंजिनिअर, ठाण्यातच वाढलेला, तोंडाने फटकळ.

ताई डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका जुन्या गावातल्या. त्यांच्या वडिलांची मिठागरं होती, थोडी भातशेती होती. पुढे त्या जमिनीवर भावांनी टॉवर उभे केले. ताईंनी आपल्या वाट्यातून वागळेत हा गाळा घेतला. भाऊ कधीमधी ऑफिसात यायचे आणि खुर्चीत रेलून विचारायचे, "भारती, फोटो बारीक करून पोट भरतं का गो?" ताई मान वर न करता म्हणायच्या, "तुमच्या टॉवरची लिफ्ट बंद हाय ना? ती बघा जा आधी." आमच्याशी त्या चांगलं पुस्तकी मराठी बोलायच्या, पण भाऊ समोर आले किंवा आईचा फोन आला की गावची बोली आपोआप यायची. "आये, जेवलीस का? गोली घेतलीस का नाय?" हे सबंध ऑफिसला ऐकू जायचं आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

आमचं काम समजावताना त्या मिठागरावरच यायच्या. "खाडीचं पाणी काठच्या खाजणात घेतात, उन्हात पसरून ठेवतात. पाणी जातं, मीठ राहतं. आपण दुसरं काय करतो?" नवीन आलेल्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे. पण त्यातलं मीठ कोणतं आणि पाणी कोणतं हे ओळखायला त्यांनी मला जवळजवळ वर्षभर शिकवलं. दुकानदार मोठ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो जसाच्या तसा चढवतात. मग अंगठ्याएवढ्या चौकटीत दाखवायचा फोटो आत भिंतीएवढा असतो आणि फोन तो अख्खा ओढत बसतो. असा फोटो सापडला की ताई विचारायच्या, "ह्याला काय घोडबंदरच्या होर्डिंगवर चढवायचाय?"

याच्या उलटही चूक होते. रोहितने एकदा शालूचे फोटो इतके पिळले, की पदरावरची नक्षी सगळी एकमेकांत मिसळली. पान एकदम झटक्यात उघडत होतं आणि तो खुशीत होता.

"ताई, बघा ना, काय भारी पळतंय!"

ताईंनी फोन नाकाजवळ नेला. "रोहित, ही जरीची नक्षी आहे की खिचडी?"

"अहो, एवढं कोण बघतंय?"

"जिला घ्यायचीय ती. बाकीच्यांसाठी तू कशाला घाम गाळतोस?"

त्यांचा नियम असा होता, की माणूस ज्या गोष्टीसाठी पैसे देणार आहे ती फोटोत मरता कामा नये. साडीचा पदर, चपलेची शिवण, आंब्याची साल. बाकी मागची भिंत, खालची सतरंजी, कुंडीतलं झाड हे सगळं त्यांच्या लेखी पाणी. पहिला फोटो हलका ठेवायचा. आणि बोटाने पदर मोठा करून बघायला गेलं, तरच तेवढ्या पदराचा जड फोटो मागवायचा. "मागितल्याशिवाय वाढायचं नाही," असं त्या म्हणायच्या, पण स्वतःच्या डब्यातली सुकटीची चटणी मात्र न मागताच सगळ्यांच्या पानात टाकायच्या.

बैठकीत मी गप्प बसते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "इंग्रजी अडतं म्हणून गप्प बसतेस ना?" मी मान हलवली. "फोटोला इंग्रजी कळतं का? नाही ना? मग मराठीत बोल. गिऱ्हाईकाला मी सांगते इंग्रजीत." त्यानंतरच्या बैठकीत त्यांनी खरंच माझं प्रत्येक वाक्य एका परदेशी माणसाला इंग्रजीत करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, की ही कल्पना हिची आहे. नावासकट. ते मी घरी फोन करून सांगितलं तेव्हा वडिलांना कल्पना काय होती ते कळलं नाही, पण नाव घेतलं हे कळलं.

ताईंचा खरा आवेश मला दिसला तो आप्पांच्या दुकानाच्या वेळी.

कल्याणच्या जुन्या बाजारात आप्पांचं साड्यांचं दुकान होतं. त्यांची सून प्राची हिने बँकेतली नोकरी सोडून त्याच दुकानाची ऑनलाइन शाखा काढली होती. चालत नव्हती. आप्पांनी तिला नवरात्रीपर्यंत मुदत दिली होती. नवरात्रीत नऊ दिवसांचे नऊ रंग. ठाण्या-कल्याणातल्या शाळा, बँका, ऑफिसं, सोसायट्या, सगळीकडच्या बायका त्या त्या दिवशी तो तो रंग नेसतात. साड्या खपायच्या तर तेव्हाच. "तेव्हाही नाही खपल्या तर कॉम्प्युटर बंद आणि सूनबाई गल्ल्यावर," असं आप्पांनी आमच्या देखत सांगितलं. प्राचीने नुसती टेबलावरची टाचणी उचलून दुसरीकडे ठेवली.

दुकानाचं पान उघडायला एवढा वेळ का लागतो हे ताईंना पहिल्याच दिवशी सापडलं. पान उघडताच आप्पांचा व्हिडिओ सुरू व्हायचा. आधी ड्रोनमधून कल्याणची खाडी. मग समई. मग आप्पा हात जोडून दुकानाचा इतिहास सांगतात. मग शेवटी कुठे ते एक साडी उलगडून पदर टाकतात.

"हा काढावा लागेल," ताई म्हणाल्या.

"म्हणजे मला काढणार?" आप्पा म्हणाले. "दुकान माझं, व्हिडिओ माझा. लोक मला बघून येतात."

"आप्पा, तुम्ही दिसतच नाही कुणाला."

"आमच्या घरी तर दिसतो मी!"

ताईंनी वाद घातला नाही. "उद्या माझ्याबरोबर दिव्याला चला," एवढंच म्हणाल्या.

दिव्याला, म्हणजे ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनजवळ, ताईंची मैत्रीण सुरेखावहिनी राहायची. दाटीवाटीच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर घर, बाहेर पॅसेजमध्ये पाण्याचे पिंप. भिंतींमुळे नेटवर्क येऊन-जाऊन. आमचं प्रत्येक काम संपलं, की ताई ते इथे येऊन वहिनीच्या फोनवर उघडून बघायच्या. "इथे उघडलं तर कुठेही उघडेल," असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी आप्पा, प्राची, ताई आणि मी असे चौघे तिथे गेलो. पाणी आलेलं होतं, म्हणून वहिनी कळशी भरता भरताच फोन हातात घेऊन उभी राहिली.

"वहिनी, साडी घ्यायचीय तुला. हे दुकान बघ," ताई म्हणाल्या. आप्पा कोण हे मुद्दामच सांगितलं नव्हतं.

वहिनीने उघडलं. खाडी आली आणि थांबली. चक्र फिरू लागलं. वहिनीने कळशी बदलली. मग समई अर्धी आली. मग एकदाचे आप्पा आले, हात जोडलेले, तोंड उघडं, आणि तसेच राहिले.

"हे कोण आजोबा अडकलेत?" असं म्हणून वहिनीने अंगठ्याने पान उडवलं. "जाऊ दे. दुसरं बघते."

"अहो, पण मी अजून बोललोच नाही!" आप्पा म्हणाले.

वहिनीने फोनकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. ताई हसल्या नाहीत. त्या आप्पांना म्हणाल्या, "आता सांगा. काढायचा की नाही?"

तरी ताईंनी तो व्हिडिओ काढला नाहीच. शेवटचा पदर टाकायचा तेवढाच तुकडा ठेवला, आवाजाशिवाय, अगदी हलका. बघता बघता आप्पांच्या हातातून साडी पाण्यासारखी सुटायची. पूर्ण भाषण एका बटणामागे ठेवलं, 'आप्पांना भेटा'. ज्याला हवं तोच दाबेल. आप्पा रोज प्राचीला विचारायला लागले, "आज कितीजण भेटून गेले?" मग साड्यांचे सगळे फोटो ताईंनी स्वतः बसून हलके केले. वहिनीच्या फोनवर कळशी भरायच्या आत दुकान उघडायला लागलं. नवरात्री जवळ येत होती आणि ऑर्डरी येत होत्या. प्राची पहिल्यांदा आमच्याकडे हसत आली, पेढे घेऊन.

आणि मग कल्याणच्या एका शाळेतून कुलकर्णी बाईंचा फोन आला. प्राचीने तो आमच्यासमोर स्पीकरवर लावला.

"अहो, आम्ही सगळ्या शिक्षिकांनी मिळून राखाडी रंगाच्या दिवसासाठी तुमची 'मयूरी' साडी घेतली. पार्सल फोडलं तर आत मोरपंखी! त्या दिवशी शाळेत आम्ही सगळ्या मोर होऊन नाचायचं का?"

"पण मॅडम, मयूरी ही मोरपंखीच आहे..."

"तसं लिहिलंय का कुठे? नाव मयूरी, गोदा, शरयू. आम्ही रंग बघून घेतली. फोटोत राखाडी आहे. मुलांनी उत्तरपत्रिकेत एवढी चूक केली तर आम्ही शून्य देतो."

फोन बंद झाल्यावर रोहित म्हणाला, "ताई, त्यांच्या फोनचा डिस्प्लेच खराब असणार."

ताई उठल्या. प्राचीने नमुना म्हणून दिलेली मयूरी त्यांनी कपाटातून काढली, खिडकीशी नेली आणि तिच्यावर फोन धरला. साडी फिकट मोरपंखी, रुपेरी काठाची. फोनमधली मळकी, धुतलेल्या पाटीसारखी. बराच वेळ त्या एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या. खाली पत्रा कापायचं यंत्र चालू होतं.

"डिस्प्ले नाही, रोहित. मी खराब केलंय."

झालं होतं असं, की कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर आत एक सूचना लिहून ठेवतो; हे रंग असे वाचा, अशी. वजन कमी करताना ताईंनी ती सूचनाही पाणी समजून काढून टाकली होती. त्या सूचनेशिवाय फोन रंग अंदाजाने वाचतो, आणि ते फिके पडतात. सगळ्याच साड्यांचे थोडेथोडे पडले होते, या एकीचा मात्र रंगच बदलला होता. वहिनीच्या घरी आम्ही फक्त किती वेळात उघडतंय ते बघत होतो. साडी शेजारी धरून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मला वाटलं, ताई आता कुणावर तरी ओरडतील. त्यांनी पर्स उचलली. "चला, कल्याणला. आधी राखाडी साड्या घेऊ, मग शाळेत जाऊ."

पण दुकानात आप्पांना बातमी आधीच कळली होती. कुलकर्णी बाई त्यांचं जुनं गिऱ्हाईक. आप्पा गादीवरून उठून उभे राहिले होते.

"झालं समाधान?" ते प्राचीला म्हणाले. "तीस वर्षांत माझ्याकडची साडी रंगावरून परत आली नव्हती. मी सांगत होतो, ही हातात धरून घ्यायची वस्तू आहे. उद्यापासून ते बंद."

प्राचीचा चेहरा एवढासा झाला. ताई पुढे झाल्या.

"आप्पा, बंद करायचं तर करा. दुकान तुमचं आहे. पण चूक हिची नाही, माझी आहे. ती हिच्या नावावर नको."

"तुमची काय, तिची काय! गिऱ्हाईक माझं गेलं."

"गेलं नाही अजून. मला एक सांगा. बाई साडी पसंत करते, तेव्हा आधी काय करते?"

"भाव करते," आप्पा रागातच म्हणाले.

"त्याच्याही आधी?"

आप्पांनी दाराकडे बघितलं. दुकानाच्या दाराशी तेव्हाही एक बाई उभी होतीच, साडीचं टोक बाहेर रस्त्यावरच्या उजेडात धरून.

"दारात नेते," आप्पा म्हणाले. "ट्यूबलाइटखाली रंग कळत नाही."

"मी दारात नेलीच नाही. एवढी वर्षं हे काम करतेय, आणि साडी एकदाही दारात नेली नाही."

हे बोलताना त्यांचा आवाज खाली आला नाही, मानही नाही. पत्ता चुकल्यावर माणूस जसा सरळ सांगतो, तसं त्यांनी सांगितलं. आप्पांनी गादीवरची एक साडी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "मग न्या ना आता."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि मी येतो बरोबर. तुम्हाला रंगांची नावं तरी येतात का? वांगी आणि जांभळा ह्यांतला फरक सांगा बघू." ताईंना सांगता आला नाही. "बघा!" आप्पा म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच राखाडी साड्यांचा गठ्ठा बांधायला घेतला.

शाळेत ताई शिक्षकांच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि काय आणि कसं चुकलं ते सगळं साध्या शब्दांत त्या बायकांना सांगितलं. कुलकर्णी बाईंनी चष्म्यावरून बघत ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही गणित बरोबर सोडवलंत आणि उत्तर लिहिताना आकडा गाळलात." "हो बाई," ताई म्हणाल्या. राखाडी साड्या सगळ्यांना आवडल्या. मोरपंखी परत घ्यायला प्राचीने पिशवी उघडली, तर काहींनी त्या दिल्या आणि काहींनी हळूच पर्सखाली सारल्या; मोरपंखीचाही एक दिवस होताच.

पुढचे काही दिवस आमच्या ऑफिसात बसायला खुर्ची नव्हती. प्रत्येक खुर्चीवर साडी. आप्पा खिडकीशी बसून एकेक रंग सांगायचे, प्राची तो साडीच्या नावापुढे लिहायची आणि ताई फोन साडीवर धरून दुरुस्त झालेला फोटो पास करायच्या. आप्पांचं आणि ताईंचं एकमत सहज होत नसे. "हा अबोली." "हा केशरीच आहे, आप्पा." "तुमच्या मिठागरात असेल केशरी!" रोहितने त्या दिवसांत एकही गाणं लावलं नाही; इथलंच ऐकायला मजा येते, म्हणाला.

नवरात्रीच्या पहिल्या माळेच्या आत सगळे फोटो बदलले गेले. राखाडीच्या दिवशी कुलकर्णी बाईंनी शिक्षिकांचा फोटो पाठवला. प्राचीने तो आप्पांना दाखवला. त्यांनी तो दाराशी नेऊन बघितला आणि फोन परत दिला. ऑनलाइन दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं, याबद्दल ते पुढे कधीच काही बोलले नाहीत. नवरात्र संपल्यावर एवढंच म्हणाले, "सूनबाई, दिवाळीच्या मालाचे फोटो कधी काढायचे?"

त्याच सुमारास मला पुण्याची नोकरी मिळाली. ताईंनीच माझी शिफारस केली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. शेवटच्या दिवशी मी त्यांना ऑफिसभर शोधलं. त्या खाली होत्या, इमारतीच्या आवारात, ऊन पडलं होतं तिथे. आप्पांची गाडी उभी होती, डिकी साड्यांनी भरलेली. एका साडीचं एक टोक आप्पांच्या हातात आणि दुसरं ताईंच्या. वर्कशॉपमधले लोक काम थांबवून बघत होते.

"ताई, निघते मी," मी म्हणाले. पाया पडायला वाकणार होते.

"थांब, थांब. हे टोक धर आधी." त्यांनी साडी माझ्या हातात दिली, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोन साडीजवळ आणला. आप्पा त्यांच्या बाजूने मान वाकडी करून बघू लागले.

"सारखा आहे का, सांग. खरं सांग."

मी साडी बघितली, फोन बघितला, पुन्हा साडी बघितली.

"काठ सारखा आहे. अंगाचा रंग किंचित फिका आहे, ताई."

"ऐकलंत?" आप्पा म्हणाले.

ताईंनी फोन पुन्हा डोळ्यांजवळ नेला, मान हलवली आणि साडीचं टोक माझ्या हातातून काढून घेतलं. "बरोबर आहे तुझं. जा आता, गाडी चुकेल," असं म्हणत त्या जिन्याकडे वळल्यासुद्धा. चपला वाजत वर गेल्या आणि वरून त्यांचा आवाज आला, "रोहित, ऊठ. तो फोटो परत काढ."